नोटांवरची मुंबई

एशियाटिकच्या पायऱ्या प्रत्येक मुंबईकराला ठाऊक असतात. ती इमारत, म्हणजे जुना टाउन हॉल, एकेकाळी नोटेवर होती हे मात्र थोड्यांनाच माहीत असतं.

त्या नोटा बँक ऑफ बॉम्बेच्या. १८४० साली निघालेली ही मुंबई इलाख्याची बँक स्वतःच्या नोटा छापत असे. काहींवर टाउन हॉल, तर काहींवर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन आणि जॉन माल्कम. ही दोन नावं मराठी माणसाला आजही बोचतात. पेशवाई बुडाली तेव्हा पुण्याचा रेसिडेंट, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, एल्फिन्स्टन होता आणि १८१८ मध्ये दुसरा बाजीराव शरण गेला तो माल्कमकडे. पुढे दोघेही मुंबईचे गव्हर्नर झाले, टाउन हॉलात त्यांचे पुतळे उभे राहिले आणि तिथून ते नोटेवर आले. त्याआधी इथल्या बाजारात शिवराई फिरत असे. तांब्याच्या त्या नाण्यावर कुणाचा चेहरा नव्हता. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’, एवढीच अक्षरं. सत्ता बदलली हे सांगायला दुसरा दाखला कशाला हवा?

१८६१ च्या कायद्याने नोटा काढण्याचा हक्क सरकारने स्वतःकडे घेतला आणि राणी व्हिक्टोरियाचं चित्र आलं. नकली नोटांचा सुळसुळाट झाल्याने ती मालिका काही वर्षांतच बदलावी लागली. १९२३ पासून नोटांवर पंचम जॉर्ज दिसू लागला. १९२८ मध्ये छपाई विलायतेतून नाशिकला आली, पण चेहरा राजाचाच राहिला.

स्वातंत्र्यानंतर राजाच्या जागी कोण, हा प्रश्न होता. गांधीजींच्या चित्राचा विचार झाला, नमुनेही तयार झाले. शेवटी सारनाथच्या सिंहस्तंभावर एकमत झालं आणि १९४९ मध्ये तो एक रुपयाच्या नोटेवर आला. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. नव्या देशाने माणसाच्या चेहऱ्याऐवजी दोन हजार वर्षांहून जुनं शिल्प निवडलं. गांधीजी नोटेवर आले ते १९६९ च्या जन्मशताब्दीला, मागे सेवाग्रामची कुटी घेऊन. कायमचे आले त्याहूनही उशिरा, १९९६ च्या मालिकेत.

मुंबई पुन्हा नोटेवर आली १९५४ मध्ये, पाच हजारांच्या नोटेवर. चित्र गेटवे ऑफ इंडियाचं. १९११ मध्ये पंचम जॉर्ज अपोलो बंदरावर उतरला, त्याची आठवण म्हणून ही कमान बांधली. ती १९२४ मध्ये पुरी झाली. म्हणजे कमान उभी राहत होती तेव्हा नोटेवर राजा होता, आणि तीस वर्षांनी कमान नोटेवर आली तेव्हा राजा गेलेला होता. मधल्या काळात, २८ फेब्रुवारी १९४८ ला, शेवटची ब्रिटिश पलटण याच कमानीखालून बोटीवर चढली. प्रजासत्ताकाने ती कमान आपल्या नोटेवर घेतली ती बहुधा या दुसऱ्या आठवणीसाठी, असं मी मानतो. पण पाच हजारांची नोट त्या काळी किती जणांच्या हाताला लागणार? गिरणगावातल्या घरात ती कुणी पाहिलीही नसेल. जानेवारी १९७८ मध्ये एक हजार आणि दहा हजारांच्या नोटांबरोबर तीही बाद झाली.

घरोघरी पोचलेली मुंबई वेगळीच होती. आहेरात एकशे एक द्यायचे तर शंभराच्या नोटेला जोड म्हणून एकाची कोरी नोट लागे. आमच्याकडे आई ती साड्यांच्या घडीखाली जपून ठेवायची. ऐंशीच्या दशकातल्या त्या नोटेवर समुद्रात चार पायांवर उभं राहिल्यासारखं काहीतरी दिसे. लहानपणी मला ते जहाज वाटायचं. ते होतं ‘सागर सम्राट’. मुंबईच्या किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर, बॉम्बे हायमध्ये १९७४ साली तेल लागलं ते या फलाटावरून खोदलेल्या विहिरीत. त्याच सुमाराच्या दोनच्या नोटेवर आर्यभट्ट उपग्रह आणि पाचाच्या नोटेवर शेतात चालणारा ट्रॅक्टर होता. देश तेव्हा स्वतःच्या कष्टांची चित्रं काढत होता, आणि ती सगळ्यात स्वस्त नोटांवर छापत होता.

एकाची नोट १९९४ मध्ये छापायची थांबली. २०१५ मध्ये ती परत आली, पूर्वीसारखीच रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांची नव्हे तर अर्थ सचिवांची सही घेऊन. मागच्या बाजूला पुन्हा सागर सम्राट आहे, आणि तिथल्याच पंधरा भाषांच्या रांगेत बारीक अक्षरांत मराठीही आहे: ‘एक रुपया’.