‘एककल्ली’ मुलांना नाव कसं मिळालं आणि ते का गेलं

आपल्याकडे घरातून निघताना ‘जातो’ म्हणायचं नसतं, ‘येतो’ म्हणायचं असतं. बहुतेक मुलं हे कुणी न शिकवता उचलतात. एखादं मूल मात्र काका ‘येतो’ म्हणून गेले की दाराशीच उभं राहतं, आणि अर्ध्या तासानंतरही काका आले नाहीत म्हणून कासावीस होतं. हेच मूल मोठं झालं की ‘या एकदा घरी जेवायला’ असं म्हणणाऱ्याला ‘कोणत्या वारी, किती वाजता?’ असं विचारतं आणि समोरचा गडबडतो. अशा माणसांसाठी मराठीत शब्दांची कमतरता कधीच नव्हती. एककल्ली, तऱ्हेवाईक, घुमा, शिष्ट, ‘हुशार आहे पण व्यवहार कळत नाही’. मग डॉक्टरांकडून एक परदेशी नाव आलं, अ‍ॅस्पर्गर सिंड्रोम, म्हणजे ऑटिझमचा (स्वमग्नतेचा) एक प्रकार. आपल्याकडच्या पालकांच्या तोंडी ते जेमतेम बसलं, तोवर वैद्यकीय ग्रंथांतून ते निघूनही गेलं होतं.

हे नाव आलं कुठून, कुणी दिलं आणि का काढलं, ते समजून घेतलं तर या माणसांशी वागताना आपण कोणत्या जुन्या चुका पुन्हा पुन्हा करतो तेही दिसतं.

ही गोष्ट सहसा व्हिएन्नापासून सांगतात. ती मॉस्कोपासून सांगायला हवी. किएव्हमध्ये १८९१ साली जन्मलेल्या ग्रुन्या सुखारेवा या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी १९२५ साली सहा मुलग्यांचं तपशीलवार वर्णन प्रसिद्ध केलं. मॉस्कोतल्या निवासी उपचार-शाळेत या मुलांना जवळून पाहिल्यानंतर त्यांनी ते लिहिलं होतं. बुद्धीनं चांगली, एकट्यानं राहायला आवडणारी, एकाच विषयात बुडून जाणारी, हालचालींत अवघडलेली, गोंगाट न सोसणारी ही मुलं होती. त्यांच्यात गाण्याचा उत्तम कान असलेलंही कुणी होतं. पुढच्या वर्षी हा लेख जर्मनमध्ये आला. १९२७ साली बाईंनी मुलींविषयीही लिहिलं. आणि मग ते सगळं विस्मरणात गेलं. इंग्रजी वाचणाऱ्या जगाला सुखारेवांचा तो लेख कळला १९९६ साली, एडिंबरोच्या सुला वुल्फ यांनी भाषांतर केल्यावर. सत्तर वर्षं! मधल्या काळात, विशेषतः मुलींच्या बाबतीत, किती जणींना नुसतं ‘लाजाळू’ म्हणून सोडून दिलं गेलं असेल, या विचारानं मला वाईट वाटतं.

व्हिएन्ना विद्यापीठाच्या बालरुग्णालयात एर्विन लाझार यांनी १९११ साली एक वेगळा विभाग सुरू केला होता. तिथे उपचार आणि शिक्षण अशी फारकत नव्हती. डॉक्टर, शिक्षक आणि परिचारिका मुलांबरोबर दिवस घालवत. व्हिक्टोरीन झाक या परिचारिका खेळ, संगीत, व्यायाम, नाटुकली यांतून दिवस बांधून देत. मूल तपासायचं म्हणजे ते जेवताना, भांडताना, खेळताना कसं वागतं ते पाहायचं, अशी तिथली रीत होती. पुढे या विभागाची सूत्रं हान्स अ‍ॅस्पर्गर (१९०६ ते १९८०) यांच्याकडे आली. १९४४ साली त्यांनी चार मुलग्यांच्या हकिगती सविस्तर सांगणारा आपला प्रबंध प्रसिद्ध केला आणि अशा मुलांना ‘ऑटिस्टिक’ म्हटलं. ‘ऑटिझम’ हा शब्द त्यांचा नव्हे. स्विस मानसोपचारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी तो स्किझोफ्रेनियाच्या संदर्भात घडवला होता, ‘स्वतः’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. अ‍ॅस्पर्गरनी तो या मुलांसाठी घेतला.

तो प्रबंध आजही वाचण्यासारखा आहे, कारण त्यात माणसं दिसतात. मोठ्यांसारखं बोलणारी, वर्गात मार खाणारी, शिक्षकांना हैराण करणारी मुलं. एका माणसाची आठवणही त्यात आहे. रोजच्या वागण्यात तो विलक्षण अवघडलेला होता, पण विद्यार्थिदशेतच त्यानं न्यूटनच्या गणितातली चूक दाखवली आणि पुढे विद्यापीठात खगोलशास्त्र शिकवलं. मला यापेक्षाही मोलाचा वाटतो तो या मुलांना कसं शिकवावं याबद्दलचा भाग. अ‍ॅस्पर्गर लिहितात की सूचना देताना आवाजात राग नको, लाडीगोडी नको, आर्जव नको. ‘माझ्यासाठी एवढं कर ना’ म्हटलं तर मूल अडून बसतं. हीच गोष्ट सर्वांना लागू असलेला नियम म्हणून शांतपणे सांगितली, तर ते करतं. आणि तरीही, वरवरचं प्रेम आणि खरी माया यांतला फरक या मुलांना अचूक कळतो, असंही ते सांगतात. भिंतीवर लावलेलं दिवसाचं वेळापत्रक दहा विनवण्यांपेक्षा जास्त काम का करतं, याचं उत्तर यात आहे.

पण १९४४ सालचं व्हिएन्ना म्हणजे नाझींचं व्हिएन्ना. त्याच शहरात ‘आम श्पीगेलग्रुंड’ नावाची संस्था होती. १९४० ते १९४५ या काळात तिथे सुमारे आठशे मुलं मेली. अनेकांना गुंगीची औषधं देऊन, उपाशी ठेवून मारलं गेलं आणि कागदावर बहुतेकदा न्यूमोनिया लिहिला गेला. अ‍ॅस्पर्गर नाझी पक्षाचे सदस्य नव्हते. त्यांनी आपल्या विभागातली मुलं वाचवली, असंच अनेक वर्षं सांगितलं जात होतं. २०१८ साली व्हिएन्नाचे इतिहासकार हेरविग चेक यांनी जुनी कागदपत्रं उघडून दाखवली आणि ते चित्र टिकलं नाही. तीन वर्षंही पूर्ण न झालेल्या, मेंदूच्या आजारानं अधू झालेल्या एका मुलीला अ‍ॅस्पर्गरनी १९४१च्या जूनमध्ये तपासलं. घरी पाच निरोगी मुलांचं करणाऱ्या आईला हिचा असह्य भार होत असणार, तेव्हा तिला कायमचं श्पीगेलग्रुंडला ठेवणं अत्यावश्यक आहे, असा शेरा त्यांनी लिहिला. सप्टेंबरमध्ये ती तिथेच मरण पावली.

तिथे काय चालतं याची त्यांना कितपत कल्पना होती, यावर अभ्यासक आजही वाद घालतात. माझ्या मते त्या वादानं फार फरक पडत नाही. उपयोगी पडेल अशा मुलाची बाजू जीव तोडून मांडायची आणि पडणार नाही अशा मुलाला दुसऱ्या दारानं पाठवून द्यायचं, ही वाटणी त्या शेऱ्यात स्पष्ट आहे. ‘थोडा विचित्र आहे, पण गणितात अफाट आहे हो’ असं आपण ज्या समाधानानं म्हणतो, त्या वाक्याकडे मी हे वाचल्यापासून सावधपणे पाहते.

महासागरापलीकडे, बाल्टिमोरमध्ये, लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांवरचा लेख प्रसिद्ध केला. लाझारांच्या त्या विभागात काम केलेले ज्यू डॉक्टर गेऑर्ग फ्रांकल ऑस्ट्रिया सोडून कॅनरकडेच गेले होते. कॅनरची काही मुलं बोलतच नव्हती, काही ऐकलेलं तसंच्या तसं परत म्हणत. पुढची चार दशकं जगानं ऑटिझम म्हणून ओळखला तो हा. त्याबरोबर एक विषारी कल्पनाही पसरली, की आईच्या थंडपणामुळे मूल असं होतं. शिकागोच्या ब्रूनो बेटलहाइमनी १९६७ साली ती लोकप्रिय केली आणि हजारो आयांना गुन्हेगार ठरवलं. १९७७ साली सुझन फोलस्टीन आणि मायकेल रटर यांनी जुळ्यांच्या २१ जोड्यांचा अभ्यास केला, तेव्हा यात आनुवंशिकतेचा मोठा वाटा असल्याचं दिसलं. ‘तू लहानपणी वेळ दिला नाहीस म्हणून’ हे सासरघरचं वाक्य आजही संपलेलं नाही, ते वेगळं.

अ‍ॅस्पर्गरचं काम जर्मनमध्येच पडून होतं. ते इंग्रजीत आणलं लंडनच्या लॉर्ना विंग यांनी. त्या मानसोपचारतज्ज्ञ होत्या आणि त्यांची स्वतःची मुलगी ऑटिस्टिक होती. ज्यूडिथ गोल्ड यांच्यासोबत त्यांनी दक्षिण लंडनच्या कॅम्बरवेल भागातल्या मुलांची पाहणी केली, तेव्हा कॅनरच्या चौकटीत न बसणारी, पण त्याच अडचणी असलेली पुष्कळ मुलं त्यांना सापडली. बोलतात, शाळेत जातात, पास होतात, आणि तरी मैत्री, गप्पा, बदललेलं वेळापत्रक यांत अडकतात. १९८१ साली विंगबाईंनी ३४ जणांची माहिती देणारा लेख लिहिला आणि त्यात ‘अ‍ॅस्पर्गर सिंड्रोम’ हे नाव सुचवलं. अ‍ॅस्पर्गरनी ‘ऑटिस्टिक सायकोपथी’ असे शब्द वापरले होते. इंग्रजी कानाला त्यातला सायकोपथी हा शब्द गुन्हेगारासारखा लागला असता. माणसाचं नाव दिलं की कुणी दुखावणार नाही, इतका साधा विचार त्यामागे होता. अ‍ॅस्पर्गर आदल्याच वर्षी वारले होते. पुढे विंगबाई म्हणत, पेटी उघडून संकटं मोकळी सोडणाऱ्या ग्रीक कथेतल्या पँडोरासारखं मला वाटतं. कारण ऑटिझमपासून वेगळा असा एक आजार त्यांना नको होता. त्यांना हवा होता एक सलग पट्टा, ज्याला आपण आज स्पेक्ट्रम म्हणतो.

घडलं उलट. उटा फ्रिथ यांनी १९९१ साली मूळ प्रबंधाचं इंग्रजी भाषांतर आणलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारसूचीच्या दहाव्या आवृत्तीत आणि १९९४ साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम-४ या निदानग्रंथात अ‍ॅस्पर्गर ही वेगळी नोंद झाली. बुद्धी ठीक आणि मूल वेळेवर बोलायला लागलेलं, एवढाच ढोबळ फरक. मोठी झालेली हजारो माणसं स्वतःहून तपासणीला आली. ‘मी वाईट नाही, आळशी नाही, माझ्या मेंदूची रीत वेगळी आहे’ हे कित्येकांना चाळिशीत, पन्नाशीत पहिल्यांदा कळलं. त्या नावानं दिलेला तो दिलासा खरा होता.

पण सीमारेषा टिकेना. अमेरिकेतल्या बारा केंद्रांतल्या दोन हजारांहून अधिक मुलामुलींचा अभ्यास २०१२ साली आला. कुणाला अ‍ॅस्पर्गर म्हटलं आणि कुणाला ऑटिझम, हे मुलापेक्षा ते कोणत्या केंद्रात गेलं यावर जास्त अवलंबून असल्याचं त्यात दिसलं. २०१३ साली डीएसएम-५ नं सगळं ‘ऑटिझम स्पेक्ट्रम’ या एका नावाखाली आणलं. आवाज, प्रकाश, स्पर्श यांचा त्रासही लक्षणांत आला. गोंगाट न सोसणारी सुखारेवांची मुलं जणू ८८ वर्षांनी दप्तरी लागली. जागतिक आरोग्य संघटनेची नवी सूची २०२२ पासून लागू झाली, तिच्यातही अ‍ॅस्पर्गर नाही. काही जण मात्र स्वतःची ओळख म्हणून ते नाव अजून धरून आहेत. २०१८ सालच्या कागदपत्रांनंतर काहींनी ते टाकलं. समोरचा स्वतःला जे म्हणवतो ते आपण म्हणावं.

या सगळ्या इतिहासात एक गोष्ट मात्र सगळ्यांनी गृहीत धरली होती: दोष त्यांच्यात, निरखणारे आपण. १९८५ साली सायमन बॅरन-कोहेन, अ‍ॅलन लेस्ली आणि उटा फ्रिथ यांनी बाहुल्यांचा एक प्रयोग केला. एक बाहुली टोपलीत गोटी ठेवून जाते, दुसरी ती उचलून खोक्यात ठेवते. परत आल्यावर पहिली गोटी कुठे शोधेल? बहुतेक ऑटिस्टिक मुलं चुकली. त्यातून ‘यांना दुसऱ्याचं मन कळत नाही’ असं सूत्र निघालं आणि लोकांनी ते ‘यांना भावनाच नाहीत’ इथपर्यंत ताणलं.

त्याला उत्तर दिलं डेमियन मिल्टन यांनी, २०१२ साली. ते समाजशास्त्रज्ञ, स्वतः ऑटिस्टिक. त्यांचं म्हणणं असं की गैरसमज दुहेरी असतो. ऑटिस्टिक माणसाला आपलं मन कळत नसेल, तर आपल्याला तरी त्याचं कुठे कळतं? २०२० साली एडिंबरोच्या कॅथरिन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी हे तपासलं. ७२ माणसं, आठ-आठ जणांच्या साखळ्या, आणि कानगोष्टीसारखी एकाकडून दुसऱ्याकडे जाणारी एक गोष्ट. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट तितकीच नीट पोचली, जितकी सगळे बिगर-ऑटिस्टिक असलेल्या साखळीत. मिश्र साखळीत ती जास्त गळली. म्हणजे अडचण दोघांच्या मधल्या जागेत होती. या विषयावर मी जे वाचलं त्यात इतकं धीर देणारं दुसरं काही नाही.

भारतात १९९५ सालच्या अपंग कायद्याच्या यादीत ऑटिझम नव्हताच. १९९९ सालच्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला आणि २०१६ सालच्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारांपैकी एक झाला. मधे २०१० साली ‘माय नेम इज खान’मुळे अ‍ॅस्पर्गर हा शब्द घरोघरी ऐकू आला. मराठीत ऑटिझमला आपण ‘स्वमग्नता’ म्हणतो. शब्द देखणा आहे, पण असं माणूस स्वतःतच बुडालेलं असतं, हा ब्लॉयलरच्या शब्दातला जुना गैरसमजही त्यात जसाच्या तसा उतरला आहे. गोंगाटानं हैराण होऊन कोपऱ्यात गेलेलं मूल स्वतःत मग्न नसतं. ते बाहेरचं फार ऐकत असतं.

आपल्याकडे प्रमाणपत्रासाठी चाळीस बाबींची भारतीय मोजपट्टी वापरतात. तिच्यातली पहिलीच बाब आहे नजरेला नजर देणं. ज्या घरांत वडीलधाऱ्यांपुढे मान खाली घालायला शिकवतात, त्याच घरांतल्या मुलाला आपण ‘बोलताना माझ्याकडे बघ’ म्हणून हनुवटी धरून वर करतो. डोळ्यांत पाहायला लावलं की बोलणं ऐकू येईनासं होतं, असं कित्येक ऑटिस्टिक माणसं सांगतात. अ‍ॅस्पर्गरनीही १९४४ साली नोंदवून ठेवलं होतं की ही मुलं समोरच्याकडे पाहत नाहीत, भलतीकडेच बघतात, आणि तरी डोळ्याच्या कडेनं त्यांनी किती टिपलंय हे नंतर कळलं की थक्क व्हायला होतं.