एर्गोवरचा वेग आणि बोटीचा वेग: लॉकडाऊनमध्ये वाढलेली गल्लत

२०२० च्या मार्चमध्ये बोट क्लबांना कुलपं लागली आणि अव्वल रोअरांच्या, म्हणजे वल्हवणाऱ्या खेळाडूंच्या, घरी एर्गोमीटर (थोडक्यात एर्गो, जमिनीवर बसून वल्हवण्याचं मशीन) येऊन पोचले. कुणी गॅरेजमध्ये ठेवला, कुणी बाल्कनीत. २४ मार्चला टोकियो ऑलिंपिक पुढच्या वर्षावर गेलं. तयारीला आणखी एक वर्ष मिळालं खरं, पण पाणीच बंद होतं. तेव्हापासून एक वाक्य ऐकून ऐकून कान किटले आहेत: "रोइंगवाल्यांचं बरं होतं, त्यांचा खेळ घरातल्या मशीनवर जसाच्या तसा चालू राहिला." त्याच्याच जोडीला दुसरं येतं, की मशीनवरची वेळ सुधारली म्हणजे बोटही तेवढीच जोरात पळणार. दोन्ही चुकीची आहेत.

एर्गो बहुतेकांनी जिममध्ये पाहिलेला, ओढलेलाही असतो. सरकती सीट, साखळीचं हँडल, पुढे पंख्याचं चाक आणि ५०० मीटरला किती वेळ लागेल ते दाखवणारा मॉनिटर. त्याबद्दल फार सांगत बसत नाही. फक्त बाजूच्या डॅम्परचा खटका कृपा करून १० वर नेऊ नका. त्याने चाकात शिरणारी हवा कमीजास्त होते, मेहनत मोजली जात नाही. चाक किती लवकर मंदावतं हे मॉनिटर दर स्ट्रोकला पाहतो आणि त्याप्रमाणे हिशेब करतो, त्यामुळे १० वर जास्तीचे गुण मिळत नाहीत. अव्वल रोअर साधारण ३ ते ५ च्या मध्ये ठेवतात. १० वर ओढून कंबर धरून बसलेली माणसं पाहिली की वाईट वाटतं.

आता मुद्द्याचं. मॉनिटरवर पळणारे मीटर कुणी कापलेले नसतात. तुम्ही चाकाला किती शक्ती दिली यावरून एका सूत्राने ते काढलेले असतात. ५०० मीटरला २ मिनिटं म्हणजे सुमारे २०३ वॉट, १ मिनिट ४० सेकंद म्हणजे ३५० वॉट. सूत्र बोटीच्या धर्तीवरच बेतलंय, शक्ती वेगाच्या घनाने वाढते (वेग दुप्पट हवा तर शक्ती आठपट), म्हणून आकडा खराखुरा वाटतो. पण मॉनिटर फक्त चाक पाहतो. बोटीचं काय झालं असतं, हे त्याला कळायला मार्गच नाही.

जमिनीवरचा एर्गो जागचा हलत नाही. हलता तुम्ही: प्रत्येक स्ट्रोकला अख्खं शरीर मागे जातं, पुढे येतं, थांबतं, पुन्हा मागे. ९० किलोचा माणूस सीटवरून झपकन पुढे आला आणि पायांवर आदळला, तरी तो धक्का जमीन गिळते. आकड्यावर ओरखडाही उठत नाही. सिंगल स्कल, म्हणजे एकट्याने दोन वल्ह्यांनी चालवायच्या बोटीचं किमान वजन आहे १४ किलो. त्यात बसलेल्या ९० किलोच्या माणसाने तेच केलं तर तो धक्का बोटीला बसतो. पाय फूटप्लेटवर (पाय टेकवायच्या फळीवर) दाबले जातात, वल्ह्याचं पातं अजून हवेतच असतं, आणि तो दाब बोटीला सरळ मागे ढकलतो. मागच्या टोकाकडे नीट पाहिलं तर दिसतं: दर स्ट्रोकला टोक खाली बसतं, क्षणभर बोट अडखळते, तळाखालून वाहणाऱ्या पाण्याचा आवाज तुटतो. चांगल्या रोअरच्या बोटीत तो आवाज सलग येतो.

बोटीचा वेग एका स्ट्रोकमध्येही सारखा नसतो. वल्ही पाण्यात पडल्यानंतर लगेच तो सर्वांत कमी असतो. सर्वांत जास्त असतो तो रोअर सीटवरून सरकत पुढच्या स्ट्रोकसाठी येत असताना, वल्ही पाण्याबाहेर असताना. कारण तेव्हा तो पायांनी बोट स्वतःखालून ओढून घेत असतो. हे चढउतार जितके मोठे तितकी शक्ती वाया जाते, कारण तोच घनाचा नियम: वेग वाढताना जेवढी जास्त शक्ती लागते, तेवढी तो कमी होताना वाचत नाही. म्हणून घाईने पुढे येणं ही बोटीतली सर्वांत महाग सवय आहे, आणि एर्गोवर ती फुकट आहे. महिनोन्‌महिने फक्त एर्गो ओढणाऱ्याच्या अंगात नेमकी हीच सवय मुरते. तोल, पातं फिरवणं, वाऱ्याला सांभाळणं हेही एर्गोवर नाही, पण ते सगळ्यांनाच दिसतं. न दिसणारा खड्डा हा आहे.

वजनाचंही तसंच. एर्गोला तुमचं वजन उचलावं लागत नाही, बोटीला लागतं. जड माणसाने बोट पाण्यात थोडी जास्त बुडते, ओढ वाढते. म्हणून एर्गोवर काही सेकंदांनी मागे असलेला हलका रोअर पाण्यावर पुढे निघू शकतो.

मग लॉकडाऊनमध्ये शहाण्या रोअरांनी काय केलं? एर्गोला एर्गोचंच काम दिलं: दम वाढवणं. मिनिटाला १८ ते २० स्ट्रोकच्या संथ लयीत लांब पल्ले, पण तुकडे पाडून, कारण तासभर एकाच बैठकीत ओढलं की कमरेचा वाक सुटतो आणि बरगड्यांवर ताण येतो. उरलेले तास सायकलवर. जर्मनीच्या जेसन ऑस्बोर्नचं उदाहरण यासाठी मला फार आवडतं. हा हलक्या वजनगटाचा रोअर. डिसेंबर २०२० मध्ये त्याने घरात सायकल जागीच बसवून चालवायच्या ट्रेनर स्टँडवर सायकलिंगच्या ई-स्पोर्ट्सचं (पडद्यावरच्या शर्यतीचं) पहिलंवहिलं विश्वविजेतेपद जिंकलं आणि २०२१ मध्ये टोकियोत योनाथन रोमेलमानबरोबर डबल स्कल्समध्ये (दोघांच्या बोटीत) रौप्य. दम कुठेही कमावता येतो. बोट चालवण्याचं कसब त्याच्याकडे आधीपासून होतं.

ज्यांना जमलं त्यांनी एर्गोखाली स्लाइड्स लावल्या. मग अख्खं मशीन पायांखाली मागेपुढे सरकतं आणि घाई केली की तेही धक्का खाऊन अडखळतं. तीच मेहनत, पण लय आपोआप थोडी वर जाते. माझं मत विचाराल तर घरी एकच चैन परवडणार असेल तर ती स्लाइड्सची करावी. त्या नसतील तर पायाचे पट्टे सोडून ओढावं: शेवटी अंग मागे फेकलं की पाय सुटतात, चूक तिथल्या तिथे कळते.

खरी अडचण आली निवडीच्या वेळी. संघाच्या बोटीत कोण बसणार हे ठरवताना प्रशिक्षक दोन बोटी शेजारी पळवतात, मग फक्त दोन रोअरांची अदलाबदल करून पुन्हा पळवतात आणि फरक पाहतात. अंतर राखण्याच्या नियमांमुळे बऱ्याच ठिकाणी आधी फक्त सिंगलला पाण्यात उतरू दिलं, त्यामुळे ही चाचणी लांबणीवर पडली. हातात उरले एर्गोचे आकडे. त्यांवरून कुणाचा दम टिकला, कुणाचा घसरला एवढं ठरवावं. बोटीतली जागा मात्र पाण्यावरच्या अदलाबदलीनंतर द्यावी, मग त्यासाठी महिनाभर थांबावं लागलं तरी चालेल.