सुरीच्या मुठीसाठी बर्ल लाकडाचे स्थिरीकरण

झाडाच्या खोडावर किंवा मुळाशी येणाऱ्या फुगीर गाठीचे लाकूड म्हणजे बर्ल. गाठीत सुप्त कळ्या दाटीने वाढतात, त्यामुळे रेषा भोवऱ्यासारख्या वळतात आणि कापल्यावर बारीक डोळे दिसतात. मेपल, बॉक्स एल्डर, अक्रोड, रेडवुड यांच्या गाठी मुठींसाठी विशेष पसंत केल्या जातात. मात्र अशा लाकडाचा प्रत्येक भाग वेगळ्या दिशेने फुगतो व आकसतो. मध्येच मऊ जागा, सालीचे तुकडे, पोकळ्या असतात. प्रक्रिया न करता बसवल्यास ते मूठ पात्याला जोडणाऱ्या धातूच्या पिनांपाशी तडकते किंवा पात्यापासून सुटते. म्हणून त्याच्या छिद्रांत पातळ मेथाक्रिलेट रेझिन (तापवल्यावर घट्ट होणारे द्रव प्लास्टिक) भरून ते उष्णतेने आतच कडक करतात. यालाच स्थिरीकरण म्हणतात.

बहुतेक ठोकळे बिघडतात ते रेझिनमुळे नव्हे, आत राहिलेल्या ओलाव्यामुळे. हाताला कोरडे लागणाऱ्या लाकडातही ८–१२ टक्के पाणी असते. भाजताना त्याची वाफ होऊन ती रेझिनला बाहेर ढकलते आणि उरलेले रेझिन नीट कडक होत नाही. त्यामुळे हवेत वाळलेला ठोकळा अंतिम मापापेक्षा थोडा मोठा ठेवून सुमारे १०५ अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये निदान २४ तास ठेवतात आणि अधूनमधून तोलतात. लागोपाठच्या दोन तोलांत वजन घटले नाही, म्हणजे तो कोरडा झाला. इथे घड्याळापेक्षा तराजूवर विसंबावे. ठोकळा हवाबंद पिशवीत थंड करावा. उघडा ठेवल्यास हवेतला ओलावा पुन्हा शोषतो, आणि गरम असताना रेझिनमध्ये टाकल्यास रेझिन वेळेआधीच घट्ट होऊ लागते.

थंड ठोकळे व्हॅक्यूम पात्रात वजनाखाली दाबून बसवतात, कारण ते तरंगतात. रेझिनची पातळी त्यांच्यावर ३–५ सेंटिमीटर ठेवतात. पंप सुरू होताच फेस उसळतो. पात्रात हवा येऊ देणारी झडप हळूहळू बंद करत गेले नाही, तर तो पंपात शिरतो. समुद्रसपाटीला निर्वाताचा मापक २८–२९ इंच पारा दाखवतो. उंचावरच्या ठिकाणी आकडा कमी येतो. तो पंपाचा दोष नसतो. बुडबुडे जवळजवळ थांबेपर्यंत पंप चालवावा, यास काही तासांपासून पूर्ण दिवस लागतो. पुष्कळदा घाई होते ती यानंतर. निर्वात स्थितीत फक्त हवा निघते. रेझिन आत शिरते ते मुख्यतः हवा परत सोडल्यावर, बाहेरच्या दाबाने. म्हणून नंतर किमान तितकाच, शक्यतो दुप्पट वेळ ठोकळे बुडालेलेच ठेवावेत.

मग निथळून, ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळून सुमारे ९५ अंशांवर भाजतात. गाभा त्या तापमानाला पोचायला जाड ठोकळ्याला दोन-तीन तास सहज लागतात. हवेतला ऑक्सिजन हे रेझिन कडक होण्यात अडथळा आणतो, त्यामुळे उघडा पृष्ठभाग चिकट राहतो, फॉइल त्यासाठीच. बाहेर आलेल्या रेझिनचे कडक थर नंतर घासून काढतात. आता पुन्हा तोलावे: ८० ग्रॅमचा कोरडा ठोकळा १४० ग्रॅम झाला असेल, तर ७५ टक्के भर पडली. मऊ बर्लमध्ये वाढ १५–२० टक्क्यांवरच थांबली, तर गाभा कोरडा राहिल्याचा संशय घ्यावा. कोकोबोलोसारख्या तेलकट, घट्ट लाकडांत रेझिन फारसे शिरत नाही. त्यांना ही प्रक्रिया सहसा करत नाहीत.

स्थिरीकरणाने मोठ्या पोकळ्या भरत नाहीत, कारण निथळताना त्यांतले रेझिन गळून जाते. त्या त्याच लाकडाचा भुसा आणि पातळ सायनोॲक्रिलेट (सुपरग्लू) यांनी भरतात. पात्याला चिकटवताना दोन्ही पृष्ठभाग ६०–८० नंबरच्या सँडपेपरने खरवडून इपॉक्सी लावतात. क्लॅम्प फार आवळला, तर सांध्यातली इपॉक्सी पिळून निघते.

घासताना १२०, २२०, ४००, ६००, ८०० असा क्रम घेतात. बर्लच्या रेषा सगळीकडे वळत असल्याने एक टप्पा गाळला तरी ओरखडा कुठल्या ना कुठल्या कोनातून दिसतोच. पेपरमागे कडक पट्टी ठेवावी, नाहीतर मऊ लाकूड जास्त झिजून धातूची पिन बोटाला उंचवट्यासारखी लागते. यंत्रावर घासताना सँडपेपरचा पट्टा नवा आणि वेग कमी हवा: तापलेली पिन भोवतालचे लाकूड काळे करते व इपॉक्सी मऊ पडते. धूळ बारीक आणि त्रासदायक असते. साध्या कापडी मास्कऐवजी कणरोधक रेस्पिरेटर लावावा.

रेझिन भरलेले लाकूड तेल फारसे पीत नाही, त्यामुळे डॅनिश तेलाचा पातळ हात देऊन लगेच पुसून टाकावा. जाड थर चिकट राहतो. खरी चमक बफवर (पॉलिशच्या फिरत्या कापडी चाकावर), पांढऱ्या पॉलिशने येते. धातूसाठी वापरलेले चाक मुठीला लावू नये, त्यातला काळा मळ फिकट मेपलच्या छिद्रांत बसतो आणि निघता निघत नाही. बफवर पात्याला टेप गुंडाळलेला असावा आणि धार फिरत्या चाकाच्या विरोधात कधीही नसावी.