मृदू ऊतकांचा सार्कोमा

स्नायू, चरबी, रक्तवाहिन्या, मज्जातंतूंची वेष्टने अशा जोडऊतकांत उद्भवणारा कर्करोग. प्रौढांच्या कर्करोगांत त्याचा वाटा सुमारे १ टक्का, प्रकार मात्र पन्नासाहून अधिक. बहुतेक वेळा तो मांडीत किंवा हातापायांत, न दुखणारी गाठ म्हणून सुरू होतो.

मराठवाड्यात अशा गाठीला आधी ‘आवाळू’ म्हणतात. न दुखणारी गाठ ऊसतोडीच्या हंगामात कोण दाखवणार? बहुसंख्य आवाळवे खरोखरच निरुपद्रवी असतात. पण ५ सेंमीपेक्षा मोठी, वाढत जाणारी किंवा स्नायूच्या आवरणाखाली खोल बसलेली गाठ आवाळू समजून कापू नये.

याचे कारण गाठीच्या वाढण्यात आहे. ती मधून बाहेर फुगते आणि भोवतालच्या ऊतकाला दाबते. दबलेल्या ऊतकाचा कवचासारखा थर बनतो. चिरा दिला की गाठ त्यातून सहज सोलून निघते, सर्जनला आणि घरच्यांनाही ती पूर्ण निघाल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात ते कवच खोटे असते. कर्कपेशी त्यात आणि त्याच्या पलीकडेही असतात. गाठ त्याच जागी पुन्हा येते, आणि आता भोवतालची निरोगी जागाही दूषित झालेली असते. या रोगातली सर्वांत महाग चूक हीच.

पेशींतील बिघाड प्रकारानुसार बदलतो. सायनोव्हियल सार्कोमात X आणि १८ या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात. नाव सांध्याच्या अस्तराचे असले तरी तो तिथून उगवत नाही. चरबीसारख्याच दिसणाऱ्या लायपोसार्कोमात १२ व्या गुणसूत्रावरील एमडीएम२ जनुकाच्या जादा प्रती सापडतात. साधी चरबीची गाठ आणि हा कर्करोग यांतला फरक त्यावरून ओळखता येतो. पसरण मुख्यतः रक्तावाटे फुप्फुसात होते, म्हणून छातीचा सीटी स्कॅन लागतो. लसिकाग्रंथींत तो क्वचित जातो.

उपचाराचा क्रम मोडता कामा नये: आधी एमआरआय, मग जाड सुईने तुकडा काढून तपासणी, नंतर शस्त्रक्रिया. ‘सुई लागली की कॅन्सर पसरतो’ ही भीती गावोगाव ऐकू येते. त्यावरचा उपाय सुई टाळणे नव्हे. पुढच्या चिऱ्याच्या रेषेतच सुई घालतात आणि तिचा मार्गही गाठीबरोबर कापून काढतात. शस्त्रक्रियेत गाठ दिसूही न देता भोवतालच्या निरोगी ऊतकासह ती एकसंध काढतात.

पूर्वी यासाठी पाय सरळ कापला जाई. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९८२ मध्ये ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अवयव राखून किरणोपचार दिलेल्यांत गाठ काही जणांना पुन्हा आली, पण जगण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. शस्त्रक्रियेपूर्वीच्या किरणोपचाराने जखम भरायला अधिक त्रास होतो. नंतर दिल्यास पुढे अवयव ताठरण्याचा धोका जास्त. शस्त्रक्रियेपूर्वीचा सर्वसाधारण कोर्स पाच आठवड्यांचा असतो. हिंगोली किंवा परभणीच्या कुटुंबाला एवढे दिवस छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयाजवळ राहणे जड जाते, हे वेळापत्रक आखताना धरायलाच हवे. धाराशिवच्या बाजूच्या लोकांना बार्शीचे कर्करोग रुग्णालय जवळ पडते. तिथल्या ग्रामीण कर्करोग नोंदणीत परंडा आणि भूम हे तालुकेही येतात.

गाठ आधीच काढून झाली असेल, तर जुने पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेले गाठीचे तुकडे), स्लाइड आणि शस्त्रक्रियेची नोंद घेऊन मोठ्या केंद्रात जावे. तिथे बहुधा जुन्या व्रणासह ती जागा पुन्हा कापून काढतात.