आडनाव एक म्हणजे भाऊबंद?

“एकाच आडनावाचे सगळे मुळात एकाच घराण्यातले” असा मजकूर वर्षानुवर्षे फिरतो. ऐकायला बरा वाटतो, पण पाटील-कुलकर्ण्यांपाशीच तो अडतो.

पाटीलकी हे गावचं वतन, म्हणजे पिढीजात हक्काचं काम होतं. जितकी गावं, जवळपास तितकी पाटील घराणी. म्हणून मराठा, लिंगायत, जैन, आगरी, कोळी अशा कितीतरी समाजांत पाटील भेटतात. कुलकर्णी म्हणजे गावचा हिशेब-दफ्तर सांभाळणारा. ते तर कर्नाटकातही आहेत.

‘कर’वाल्यांचं काय? पिंपळगाव बसवंत नाशिक जिल्ह्यात, पिंपळगाव राजा बुलढाण्यात. दोन्हीकडचे लोक पिंपळगावकर लावू शकतात, नातं शून्य. उलट सख्ख्या चुलतभावांत एक जाधव लावतो, दुसरा पाटील. (लग्नपत्रिकेत मग ‘जाधव-पाटील’!)

खात्री करायची तर आधी मूळ गाव, मग कुलदैवत, देवक (कुळाचं पूज्य चिन्ह) किंवा गोत्र विचारा. तेही जुळलं तरी नातं पक्कं होत नाही. खंडोबा हजारो घरांचा. मग जुने फेरफार (जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदी) काढा: वारसनोंदीत आजा-पणज्यांची नावं सापडतात. त्र्यंबकेश्वर-पंढरपूरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतही पिढ्या लिहिलेल्या असतात, मात्र तिथे गाव अचूक सांगावं लागतं.