फोडणीला कुजका वास येतो म्हणणारा माणूस नाटकं करत नसतो

२०२१ मध्ये कोविड झाला तेव्हा माझ्या मावशीचा वास पूर्ण गेला, मग हळूहळू जरा यायला लागला म्हणून आम्ही सगळे खूश, आणि दोनेक महिन्यांनी कांदा-लसणाची फोडणी पडली तर ती नाक दाबून बाहेर पळाली, काहीतरी सडलंय म्हणाली. घरात सगळ्यांना वाटलं मनाचे खेळ आहेत. नाहीत हो! याला पॅरोस्मिया म्हणतात.

नाकात अगदी वर वास ओळखणाऱ्या पेशी असतात, त्यांच्यावर साधारण ४०० प्रकारचे रिसेप्टर, म्हणजे वासाचे रेणू पकडणारे भाग. कोविडचा व्हायरस मुख्यतः त्यांना नाही, तर त्यांना सांभाळणाऱ्या शेजारच्या पेशींना धरतो, पण आधारच गेला की वासाच्या पेशीही ढासळतात. त्या परत तयार होतात हे आपलं नशीब. फक्त नव्या पेशीला आपला धागा चाळणीसारख्या हाडाच्या भोकातून मेंदूपर्यंत नेऊन बरोब्बर जागी जोडायचा असतो, तिथे काही जोडण्या चुकत असाव्यात, किंवा थोडेच रिसेप्टर परत आल्याने मेंदूला वास अर्धवटच पोचत असावा, असे दोन अंदाज आहेत.

मग सगळंच का नाही घाण लागत? इंग्लंडच्या रीडिंग युनिव्हर्सिटीत कॉफीच्या वासातले घटक वेगवेगळे करून पेशंटना हुंगायला दिले, तर त्रास ठराविक रेणूंचाच निघाला, त्यातला एक गंधकवाला रेणू बऱ्याच जणांना असह्य झाला आणि वास नीट येणाऱ्यांना तोच छान भाजल्यासारखा वाटला. कांदा, लसूण, अंडं, भाजलेलं चिकन यांनी त्रास होतो त्यामागेही असेच रेणू आहेत, जे अगदी कणभर असले तरी नाकाला कळतात.

आणि चव गेली म्हणतो ना आपण, ती बऱ्याचदा जिभेची नसतेच. गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (टोमॅटो, मशरूम, मटणाच्या रश्श्यात असते ती चव) एवढंच जिभेचं काम, बाकी आमटीची आमटी घशामागून नाकात जाणाऱ्या वासाने होते.

उपाय म्हणाल तर गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग यांचे वास रोज दोनदा लक्ष देऊन घ्यायचे, निदान ३ महिने तरी. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल या वासावर संशोधन करणाऱ्या डॉक्टरांनी २००९ मध्ये याचा उपयोग होतो हे दाखवलं, कोविडच्या कितीतरी आधी, कारण साध्या सर्दीच्या व्हायरसनेही असं होतं. सगळ्यांना गुण येतोच असं नाही, पण करून बघण्यात तोटा नाही, ईएनटीला मात्र एकदा दाखवाच. गरम जेवणाची वाफ नाकात जास्त जाते म्हणून थंड, साधं खाणं सोसतं, मावशी कितीतरी दिवस दहीभातावर होती. आणि अशा माणसाला घरी एकटं राहायचं असेल तर सिलिंडरचा रेग्युलेटर बंद आहे ना ते दुसऱ्या कुणीतरी बघा, कारण गॅस गळला तर कळावा म्हणून त्यात जो वास घालतात तोही गंधकाचाच असतो आणि तो त्यांना ओळखू येईलच असं नाही.