एलिफंट परेड

एलिफंट परेड : हत्तीच्या पिलांचे रंगवलेले पुतळे शहरातील चौक, बागा आणि पदपथांवर काही आठवडे मांडून शेवटी त्यांचा लिलाव करणारे खुले कलाप्रदर्शन. आशियाई हत्तींच्या रक्षणासाठी पैसा उभा करणे हा त्याचा हेतू. मार्क व माइक स्पिट्स या डच पितापुत्रांनी ते सुरू केले. पहिले प्रदर्शन २००७ मध्ये नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे भरले.

या साऱ्याच्या मुळाशी मोशा नावाची एक हत्तीण आहे. २००६ मध्ये थायलंड–म्यानमार सीमेजवळ भूसुरुंगावर पाय पडून तिने पुढचा एक पाय गमावला, तेव्हा ती जेमतेम सात महिन्यांची होती. लाम्पांग येथील हत्तींच्या रुग्णालयात तिच्यावर उपचार झाले आणि थेर्डचाय जिवाकेट या शल्यविशारदांनी तिला कृत्रिम पाय बसवला. असा पाय लाभलेली ती जगातली पहिली हत्तीण. पण पिलू वाढते तसा पाय तोकडा पडतो, भारही पेलेनासा होतो. सुरुवातीला सुमारे ६०० किलो भरणारी मोशा २०१६ पर्यंत २,००० किलोंच्या पुढे गेली आणि तोवर तिच्यासाठी नववा पाय घडवावा लागला. उपचार एकदाचे संपत नाहीत, म्हणून पैसाही सतत लागतो. मोशाला पाहिल्यावर स्पिट्स पितापुत्रांना सुचलेला उपाय म्हणजे हे प्रदर्शन.

साच्यातून काढलेला फायबरग्लासचा पांढरा हत्ती चित्रकाराच्या हाती येतो. आकार सगळ्यांना सारखाच. वेगळेपण आणायचे ते रंगरेषांनी. एकाच्या कानावर वेलबुट्टी, तर दुसऱ्याच्या पाठीवर अख्खे शहर. पिलाएवढा आकार ठरवण्यात मोठी समज आहे. लहान मूल सहज त्याच्या सोंडेला हात लावते, आणि संग्रहालयाची पायरी कधी न चढलेला माणूसही वाट सोडून जवळ येतो.

रस्त्यावर प्राणी मांडण्याची ही रीत त्याआधीची. १९९८ मध्ये झुरिकमध्ये रंगीत गाई उभ्या राहिल्या, १९९९ मध्ये शिकागोत, आणि मग जगभर. एलिफंट परेडचे बळ मात्र पुतळ्यामागच्या जिवंत जनावरात आहे. लंडनमध्ये २०१० साली अडीचशेहून अधिक हत्ती मांडले गेले आणि लिलावातून ४० लाख पौंडांहून जास्त रक्कम जमली. ती आशियाई हत्तींच्या रक्षणासाठी झटणाऱ्या एलिफंट फॅमिली या संस्थेच्या कामासाठी होती. तिचे संस्थापक मार्क शँड यांनी १९८८ मध्ये ओडिशात तारा नावाची हत्तीण विकत घेऊन तिच्या पाठीवरून बिहारच्या सोनपूर मेळ्यापर्यंत प्रवास केला होता.

२०१८ मध्ये हा कळप मुंबईत आला तेव्हा हत्ती होते १०१. हा आकडा शुभ म्हणून निवडलेला नव्हता. भारतात हत्तींच्या वापरात असलेले १०१ संचारमार्ग वन्यजीव अभ्यासकांनी २०१७ मध्ये नोंदवले होते. संचारमार्ग म्हणजे एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जाण्याच्या रानहत्तींच्या कळपांच्या पिढीजात वाटा. त्यांवर आज रूळ, महामार्ग, मळे आणि वस्त्या आल्या आहेत. वाट अडली की हत्ती शेतात शिरतो आणि दोन्हीकडे जीव जातात. केरळातील वायनाडमध्ये तिरुनेल्ली–कुद्रकोटे मार्गावरील कुटुंबांचे त्यांच्या संमतीने दुसरीकडे पुनर्वसन करून ती वाट हत्तींसाठी मोकळी करण्यात आली. त्या कामाला एलिफंट फॅमिलीचे साहाय्य होते.